विद्यार्थी-अभिप्राय आणि अध्यापन-सुधारणा : फॉर्मपासून वर्गापर्यंत

प्रस्तावना

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघाले की बावधननंतर भूगाव लागते. पुढे भूकूम, पिरंगुट आणि मुळशी तालुक्याचे मुख्यालय असलेले पौड. शेतीवर जगणारे हे गाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहराला येऊन चिकटले. गृहसंकुले उभी राहिली, त्यांत बाहेरगावची कुटुंबे राहावयास आली आणि गावाच्या मधून जाणारा रस्ता सकाळ-संध्याकाळ वाहनांनी तुंबू लागला. येथील विद्यार्थी बारावीनंतर कोथरूडच्या बाजूला शहरातील महाविद्यालयात जातो किंवा उलट दिशेने पिरंगुट-पौडकडची वाट धरतो. दिशा कोणतीही असो, सत्र संपत आले की त्याच्या मोबाइलवर अभिप्राय फॉर्म भरण्याची सूचना येते. वीस-पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच पर्याय. बसमध्ये उभ्या उभ्या दोन मिनिटांत फॉर्म भरून होतो. त्याचे पुढे काय झाले हे विद्यार्थ्याला कळत नाही. आणि पुष्कळदा ज्यांच्याविषयी तो भरला त्या प्राध्यापकांनाही कळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा मधला तुटलेला धागा आहे. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून अध्यापन सुधारते, हे गृहीत धरूनच महाविद्यालये अभिप्राय गोळा करतात. तथापि तो कोणत्या वेळी घेतला, कोणाच्या हाती पडला आणि त्याला उत्तर कोणी दिले, यांवर सुधारणा अवलंबून असते. सत्राच्या अखेरीस भरलेला फॉर्म संस्थेच्या नोंदीसाठी उपयोगी असेल. वर्गासाठी तो बहुधा उशिरा आलेला असतो.

आकारिक आणि संकलित

मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे जे दोन प्रकार वेगळे केले, ते आपल्याकडे शालेय स्तरावर 'आकारिक' आणि 'संकलित' या नावांनी रूढ झाले आहेत. काम चालू असताना ते सुधारावे म्हणून केलेले ते आकारिक. काम संपल्यावर त्याचा निवाडा करण्यासाठी केलेले ते संकलित. शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पदवीधराला हा भेद पाठ असतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो पाळलाही जातो. प्राध्यापकांच्या बाबतीत मात्र तो सहज विसरला जातो.

हा भेद भूगावकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा भूगावात झाली आणि पुण्याच्या अभिजित कटके यांनी तो किताब जिंकला. मैदानावर पंच गुण देतात. ते गुण पैलवानाला शिकवण्यासाठी नसतात. शिकवणे तालमीत होते. तेथे वस्ताद पकड चुकताच हटकतो, पाय कोठे ठेवायचा ते सांगतो आणि तोच डाव पुन्हा करून घेतो. पंचाचा गुणफलक तालमीत टांगला म्हणून कोणाचा डाव सुधारत नाही. महाविद्यालयीन अभिप्रायाच्या बाबतीत नेमके हेच घडते. गुणफलक तयार होतो आणि तालीम ओस राहते.

नॅकची प्रश्नावली

त्याच २०१७ या वर्षी राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, आपल्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण समाविष्ट केले. नॅकची स्थापना १९९४ ची. अभिप्रायाची अपेक्षा तिच्या निकषांत पूर्वीपासून होती, पण या सर्वेक्षणाने विद्यार्थ्यांशी संपर्क साधण्याचे काम महाविद्यालयाच्या हातून काढून घेतले. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी आणि ई-मेल पत्ते द्यावयाचे व नॅकने परस्पर प्रश्नावली पाठवावयाची, अशी ही व्यवस्था होती. प्रश्नावलीत ४ ते ० अशा पाच पायऱ्यांचे २० प्रश्न आणि सूचना लिहिण्यासाठी एकविसावा मुक्त प्रश्न होता. महाविद्यालयांसाठी किमान प्रतिसाद विद्यार्थिसंख्येच्या दहा टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी ती. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी द्विपर्यायी अधिस्वीकृतीकडे वळण्याची घोषणा केली. तरी अनेक महाविद्यालयांचे अंतर्गत फॉर्म आजही याच प्रश्नावलीच्या साच्यातून निघालेले दिसतात. म्हणून तिची रचना बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला याविषयी आहे. तो चांगला प्रश्न आहे, कारण विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट तो विचारतो. शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचे बोलणे समजते का, हेही विद्यार्थी सांगू शकतो. अडचण पुढे सुरू होते. एका प्रश्नात आंतरवासिता, विद्यार्थी-देवाणघेवाण आणि क्षेत्रभेटी यांना संस्था किती प्रोत्साहन देते, असे एकत्र विचारले आहे. क्षेत्रभेट झाली, आंतरवासिता झाली नाही, तर विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडावा? दुसऱ्या एका प्रश्नात अपेक्षित क्षमता, विषयाची निष्पत्ती आणि पदवीची निष्पत्ती या तिन्हींची कल्पना शिक्षक देतात का, असे विचारले आहे. या तीन संज्ञांतील फरक अनेक प्राध्यापकांनाही उजळणी केल्याशिवाय सांगता येत नाही. गुणवत्तेच्या सातत्यपूर्ण परीक्षणात संस्था विद्यार्थ्यांना सहभागी करून घेते का, या प्रश्नाचे उत्तर प्रथम वर्षाचा विद्यार्थी कशाच्या आधारे देणार? संशोधनपद्धतीच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी आणि प्रतिसादकाला ठाऊक असेल तेच विचारावे, हे दोन नियम सापडतात. दोन्ही नियम येथे मोडले आहेत.

भाषेचा मुद्दा वेगळाच. कला शाखेतील ज्या विद्यार्थ्याचे सारे शिक्षण मराठीतून झाले, त्याच्यापुढे इंग्रजी फॉर्म ठेवला तर तो अर्थ लावीत बसत नाही; एका रांगेत खुणा करून मोकळा होतो. नंतर तक्त्यात ते 'अत्यंत समाधानी' म्हणून मोजले जाते.

याच आराखड्यातील दुसरा एक मापदंड मात्र उद्बोधक आहे. अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, मालक-उद्योजक अशा घटकांकडून घेतलेल्या अभिप्रायाची तेथे उतरंड केलेली आहे. अभिप्राय घेतलाच नाही, ही सर्वांत खालची पायरी. त्यावर केवळ गोळा केला. गोळा करून विश्लेषण केले. विश्लेषणानुसार कृती केली. आणि सर्वांत वर, कृती करून ते सारे संकेतस्थळावर ठेवले. कृतीला विश्लेषणाहून वरचे स्थान देणारी ही दृष्टी योग्यच म्हणावी लागेल. पण संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आहे. तेव्हा कृती म्हणून काय दाखवावयाचे? बहुतेक वेळा विद्यापीठाला पाठविलेल्या पत्राची प्रत. पत्राची प्रत फाईलला लागते आणि पायरी चढली जाते. वर्गातले शिकवणे मात्र पूर्णपणे प्राध्यापकाच्या हातात असते आणि त्यातील बदलाला कोणतेही पत्र लागत नाही.

सरासरी काय झाकते

अभिप्रायाच्या विश्लेषणात सामान्यतः मध्यमान काढले जाते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सर्वांनी पाचपैकी तीन गुण दिले तर मध्यमान तीन. विसांनी पाच, विसांनी तीन आणि विसांनी एक दिला तरी मध्यमान तीनच. पहिला वर्ग सर्वसाधारण समाधानी आहे. दुसऱ्या वर्गात वीस मुलांना काहीही कळत नाही आणि प्राध्यापक पुढच्या बाकांकडे पाहून शिकवीत आहेत, अशी शक्यता आहे. हे दोन वर्ग अहवालात एकसारखे दिसतात. छोट्या वर्गांत विकृती याहून अधिक. विशेष स्तरावर बारा विद्यार्थी असले आणि अकरांनी चार व एकाने रागाने एक दिला, तर मध्यमान चारवरून ३.७५ वर येते. या पाव गुणाच्या आधारे दोन प्राध्यापकांची तुलना करणे म्हणजे गणिताचा गैरवापर होय. मध्यमानाऐवजी वारंवारता, म्हणजे कोणत्या पर्यायाला किती जण, एवढे दाखवले तरी पुष्कळ उलगडते. आणि जे वर्गातच येत नाहीत, त्यांचा अभिप्राय कोठे आहे, हाही प्रश्न राहतोच. बाराशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर प्रतिसादांनी अट पूर्ण होते. अकराशे जणांचे मौन तक्त्यात दिसत नाही.

पाश्चात्त्य विद्यापीठांत हा वाद जुना आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात अध्यापकांसाठी जी पदनिश्चयन श्रेणी तयार केली, तेव्हापासून अशा श्रेणींवर संशोधन होत आले आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'डॉ. फॉक्स' प्रयोग सर्वज्ञात आहे. एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभे करून त्याच्याकडून आशयहीन पण रंगतदार व्याख्यान करविले. सुशिक्षित श्रोत्यांनी त्याची वाखाणणी केली. २०१५ मध्ये मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमातील शिक्षकांची स्त्री-पुरुष ओळख अदलाबदल करून पाहिली. पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला, प्रत्यक्षात तो कोणीही असो, अधिक गुण मिळाले. २०१७ मधील उटल आणि सहकाऱ्यांच्या संशोधन-संकलनात विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत अर्थपूर्ण सहसंबंध आढळला नाही. कॅनडातील तत्कालीन रायरसन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवादाने पदोन्नती आणि नोकरीतील कायमपणासाठी अशा गुणांवरून अध्यापनाची परिणामकारकता मोजू नये, असा निर्णय दिला.

या संशोधनावरून विद्यार्थ्यांना विचारूच नये, असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले तरी चुकीचे ठरेल. शिक्षक चांगला की वाईट हा निवाडा विद्यार्थ्याला करता येत नसेल. पण आपल्याला कोठे कळेनासे झाले, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

'सर, नोट्स द्या'

महाराष्ट्रातील कोणत्याही कला वा वाणिज्य महाविद्यालयात मुक्त प्रश्नाची उत्तरे उघडली की एक मागणी हमखास आढळते. नोट्स लिहून द्याव्यात. ही मागणी पुरी करणारा प्राध्यापक लोकप्रिय होतो, चर्चा घडवून आणणाऱ्याविषयी 'विषयाला सोडून बोलतात' असे लिहिले जाते. अभिप्रायाचे अंक जसेच्या तसे मानावयाचे तर सर्व प्राध्यापकांनी फळ्याकडे तोंड करून मजकूर सांगत जावा, हेच उत्तम अध्यापन ठरेल.

येथे प्राध्यापकांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विद्यार्थ्यांना अभ्यास नको आहे, त्यांचे ऐकण्यात अर्थ नाही. दुसरा मुकाट्याने नोट्स सांगू लागतो. दोघेही अभिप्राय वाचण्यात सारखेच चुकतात. गावातल्या दवाखान्यात आलेला रुग्ण 'डॉक्टर, सुई द्या' म्हणतो. शहाणा डॉक्टर सुई देत नाही आणि त्याला हाकलूनही लावत नाही. कोठे दुखते ते विचारतो. नोट्सची मागणी हे लक्षण आहे. त्यामागची कारणे एका वर्गातही चार प्रकारची असू शकतात. पिरंगुट परिसरातील कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाला ग्रंथालयाच्या वेळा सापडत नाहीत. एखाद्या विषयाचे संदर्भग्रंथ इंग्रजीतच आहेत आणि विद्यार्थ्याला ते वाचवत नाहीत. प्राध्यापकांची गती इतकी आहे की ऐकणे आणि टिपणे एकाच वेळी जमत नाही. किंवा वर्गातील चर्चेचा परीक्षेतील उत्तराशी काय संबंध, हे कोणी सांगितलेलेच नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आकृतिबंधात ३० गुण अंतर्गत आणि ७० गुण सत्रान्त परीक्षेचे अशी विभागणी होती. त्या सत्तर गुणांची धास्ती मुलाच्या मागणीत बोलत असते. या चारही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि त्यांपैकी एकही उपाय 'मजकूर सांगत जाणे' हा नाही. पहिल्यासाठी प्रकरणाचा दोन पानी आराखडा झेरॉक्सच्या दुकानात ठेवता येतो. दुसऱ्यासाठी मराठी वाचनसाहित्याची यादी लागते. तिसऱ्यासाठी दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटे थांबणे पुरते. चौथ्यासाठी तासाच्या शेवटी विद्यापीठाचा एखादा जुना प्रश्न फळ्यावर लिहून आजच्या चर्चेतून त्याचे उत्तर बांधून दाखवावे लागते.

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर देलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. कृतिशील पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. पण आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते. डोक्याला ताण पडला की शिकणे कठीण भासते, आणि ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो. संशोधकांनी सुचविलेला उपाय साधा होता. असे वाटणार आहे, हे विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभीच समजावून सांगावे. मुळशीतल्या मुलालाही ते सांगितले तर कळते.

दोन्हीकडची भीती

अंतर्गत तीस गुण ज्याच्या हाती आहेत, त्याच्याविषयी खरे लिहिण्यास विद्यार्थी कचरतो. फॉर्म निनावी आहे असे सांगितले जाते. पण महाविद्यालयाच्या ई-मेलवरून आत शिरल्याशिवाय तो उघडत नाही. पंधरा जणांच्या वर्गात तर अक्षरावरून किंवा वाक्यावरूनही माणूस ओळखू येतो.

प्राध्यापकांची भीती याहून कमी बोलली जाते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. ज्याची पुढील वर्षाची भाकर या अंकांवर अवलंबून असू शकते, त्याच्याकडून तो अभिप्राय मोकळ्या मनाने वाचण्याची अपेक्षा कशी करावी? तो अवघड प्रकरण सोपे करून टाकील, अंतर्गत गुण सैल हाताने देईल, उशिरा येणाऱ्यांना काही बोलणार नाही. यात त्याचा दोष काढता येणार नाही. कायम सेवेतील ज्येष्ठ सहकाऱ्याला हाच फॉर्म निरुपद्रवी वाटतो, आणि म्हणूनच फॉर्मविषयीचे नियम ठरवणाऱ्यांना ही भीती सहसा दिसत नाही. तंत्रशिक्षणात तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमावलीने शिक्षकांच्या ३६० अंशी मूल्यमापनात शंभरपैकी पंचवीस गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला दिले. जबाबदेहीचा आग्रह गैर नाही. पण ज्या कागदावर नोकरी तोलली जाते त्याच कागदावर आपली उणीव शोधावी, हे दोन्ही एकदम होत नाही. सुधारण्यासाठी घेतलेला अभिप्राय प्राचार्यांच्या कार्यालयात जाता कामा नये; तो प्राध्यापकापाशीच राहिला पाहिजे.

सत्राच्या मध्यावर

सुमारे पंधरा आठवड्यांच्या सत्रात पाचवा किंवा सहावा आठवडा यासाठी योग्य. तोवर विद्यार्थ्यांना अध्यापनाची ओळख झालेली असते आणि बदल करण्यास अवधीही उरतो. अर्धा कागद, तीन प्रश्न, मराठीत: या तासांत शिकायला कशाची मदत होते? कशाची अडचण होते? पुढच्या पाच आठवड्यांत काय बदलावे? तासाची शेवटची दहा मिनिटे पुरतात. कागद प्राध्यापकाने स्वतः गोळा करू नयेत. वर्ग-प्रतिनिधीने ते पाकिटात घालून दुसऱ्या विभागातील एखाद्या सहकाऱ्याकडे द्यावेत आणि त्याने त्यांतील मुद्दे आपल्या अक्षरात उतरवून मूळ कागद नष्ट करावेत. अक्षराची भीती एवढ्याने जाते.

वॉशिंग्टन विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ क्लार्क यांनी विकसित केलेली लघुगट पद्धती याच्या पुढची पायरी आहे. प्राध्यापक वर्गाबाहेर जातात. विश्वासातला सहकारी आत येतो. विद्यार्थी पाच-सहा जणांच्या गटांत हेच प्रश्न चर्चितात आणि ज्यावर गटाचे एकमत होईल तेवढेच सांगतात. एखाद्याचा वैयक्तिक राग गटातच विरतो आणि लाजाळू मुलीचा मुद्दाही गटाच्या नावाने पुढे येतो. नंतर सहकारी प्राध्यापकाशी बसून बोलतो. हे बसून बोलणेच निर्णायक असते. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये या विषयावरील अभ्यासांचे जे संकलन केले, त्यात केवळ अंक हाती दिलेल्या अध्यापकांत थोडी सुधारणा दिसली, तर अंकांसोबत कोणाशी तरी सल्लामसलत झालेल्यांत ती लक्षणीय होती. एकट्याने वाचलेल्या अभिप्रायात माणूस एक कडवट वाक्य घेऊन घरी जातो आणि बाकीची चाळीस विसरतो. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही; प्राध्यापक-कक्षातला, कोणाकडे वाच्यता न करणारा एक मित्र पुरतो.

यानंतरचा तास सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वगळला जाणारा. प्राध्यापकाने वर्गात परत जाऊन तीन गोष्टी सांगावयाच्या. कोणता बदल उद्यापासून, कोणता पुढच्या सत्रात, आणि कोणता होणार नाही व का. समजा, अनेकांनी सकाळचा पहिला तास अर्धा तास उशिरा ठेवावा, असे लिहिले. भूगावच्या रस्त्यावर वाहनांची कोंडी झाली की पौडकडून येणारी बस केव्हा पोहोचेल याचा नेम नसतो, हे प्राध्यापकालाही ठाऊक असते, कारण तोही त्याच कोंडीत अडकलेला असतो. वेळापत्रक त्याच्या हातात नाही. पण पहिली दहा मिनिटे नव्या मुद्द्याऐवजी मागच्या तासाच्या उजळणीला देणे त्याच्या हातात आहे. 'वेळ बदलता येणार नाही, पण उशिरा पोहोचलेल्याचा नवा भाग बुडणार नाही', एवढे तो सांगू शकतो. आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा अर्धा कागद वाटून, ही दहा मिनिटे उपयोगी पडली का, एवढा एकच प्रश्न विचारू शकतो.